मंडळीचं प्रीतिभोजन: आपण रांधायचं की केटररला सांगायचं?

सुगी_पुणे

सर्वांना जय ख्रिस्त.

फेब्रुवारीत आमच्या मंडळीचा कुटुंब मेळावा आहे. सकाळी नऊला उपासना, मग लेकरांचे खेळ आणि बायबल प्रश्नमंजुषा, दुपारी प्रीतिभोजन, चार वाजता सुगीच्या अर्पणांचा लिलाव आणि प्रार्थनेनं शेवट. साधारण साठ कुटुंबं, लहानथोर धरून १८० माणसं.

गेल्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली आणि जेवणावरच दीड तास गेला. एक गट म्हणतो केटररला सांगा, ३५० रुपये ताट, कुणाला त्रास नाही. दुसरा म्हणतो चर्चच्या मागच्या अंगणात चूल पेटली पाहिजे, पूर्वीसारखी.

मी दुसऱ्या गटात आहे. लहानपणी मेळाव्याच्या आदल्या रात्री आम्ही पोरं लसूण सोलायला बसायचो. सेक्रेटरीसाहेब, पोस्टातले काका, शेवटच्या बाकावर एकट्या बसणाऱ्या मावशी, सगळे एकाच सतरंजीवर. मला मंडळीतली माणसं ओळखीची झाली ती त्या रात्रींमुळे. आता आशीर्वाद झाला की हस्तांदोलन, आणि पाच मिनिटांत पार्किंग रिकामं. वर्षभर एका बाकावर बसून शेजारच्या कुटुंबातल्या लेकराचं नाव माहीत नसतं.

तुमच्याकडे कसं करतात ते लिहा. पुढच्या रविवारी ठरवायचंय.

झारा_घ्या_हाती

रांधायचं. यात विचारण्यासारखं काय आहे? तारीख सांगा, मी येतो.

ओगराळं

दादा, विचारण्यासारखं खूप आहे.

मी सोलापूरची. लग्न होऊन मंडळीत आले त्या वर्षापासून बावीस मेळावे मी स्वयंपाकाच्या बाजूला काढलेत. बावीसातला एकही संदेश (पाळकांचं प्रवचन) मी बसून ऐकलेला नाही. कर्णा अंगणाकडे वळवलेला असायचा, कणीक तिंबताना जेवढं कानावर पडेल तेवढं. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी कुणीतरी धावत यायचं, "चला चला, पाळकसाहेब थांबलेत". हात धुऊन, पदराला पुसत आम्ही चौघी-पाचजणी मागच्या दारानं आत जायचो आणि लगेच परत. भात लागेल म्हणून.

मार्था आणि मरियेची गोष्ट आपण सगळे शिकलोय. मार्था कामात गुंतलेली, मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि मरियेनं चांगला वाटा निवडलाय असं येशू मार्थेला म्हणाला, तेही पाठ आहे. पण दरवर्षी त्याच मार्थेला आपण पुन्हा चुलीपाशी पाठवतो आणि वर तिचं कौतुक करतो.

सुगी, तुमच्या आठवणी खऱ्या आहेत. मलाही त्या रात्री आवडतात. पण आधी एक सांगा, लसूण सोलून झाल्यावर पहाटे चारला पातेल्यापाशी कोण असायचं?

सुगी_पुणे

ताई, आई असायची. आणि तिच्याबरोबर चार-पाच बायका. उपासनेत आईच्या शेजारी बसल्याचं मला मेळाव्याच्या दिवशीचं आठवत नाही. हे मी आज पहिल्यांदा असं जोडून पाहतोय.

नगरी_पंगत

आमच्याकडची पद्धत लिहितो, ताईंच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडेल.

मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं.) अमेरिकन मराठी मिशननं नगरला काम सुरू केलं १८३१ मध्ये, आणि आसपासच्या कितीतरी गावांत मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक, पत्र्याच्या छपराची.

आमच्यात प्रीतिभोजन पुरुष रांधतात. आदल्या दिवशी संध्याकाळी बायका, पोरं, म्हातारीकोतारी सगळी मिळून कांदे-लसूण-खोबरं करून ठेवतात, मसाला वाटून देतात आणि घरी जाऊन झोपतात. रात्री तीनला गडीमाणसं चुली पेटवतात. दगड मांडून तीन चुली, बाभळीचं जळण. एकीवर भात, एकीवर शिपी आमटी, एकीवर मटण. लापशी शेवटी. उपासनेला सुरुवात व्हायच्या आत सगळं उतरवून निखाऱ्यावर झाकून ठेवायचं. आमचे पाळकसाहेब घंटा वाजवायच्या आधी स्वतः मागे येऊन विचारतात, "उतरलं का रे सगळं?" उतरलं नसेल तर घंटा थांबते. पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली म्हणून उपासना अडत नाही.

भाकऱ्या मात्र घरोघरी. प्रत्येक घरानं दहा भाकऱ्या फडक्यात बांधून आणायच्या आणि एका मोठ्या टोपल्यात टाकायच्या. कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणाची जाड, कुणाची पातळ. ताटात कुणाच्या घरची येईल ते सांगता येत नाही.

ओगराळं

घंटा थांबते, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा.

वसईचा_वारा

आम्ही वसईचे कॅथलिक, तरी धाग्यात येतो, चालेल ना?

आमच्याकडे चर्चच्या सणाला मोठी गर्दी असते, नऊ दिवस नोव्हेना (सणाआधीच्या प्रार्थना) आणि मग सण. पण कुटुंबांचं खरं एकत्र येणं होतं ते समूहांत. धर्मग्रामाचे (एका चर्चच्या हद्दीचे) वाडीवार, आळीवार लहान समूह पाडलेले आहेत, वीस-पंचवीस घरांचा एक. समूहाचं स्नेहभोजन असलं की कुणी रांधत बसत नाही आणि केटररही येत नाही. प्रत्येक घर एक पदार्थ आणतं. आधी चिठ्ठी फिरते: या घरानं फुग्या (तळलेले गोल पाव), त्या घरानं चिकन, दोन घरांनी भात, एकानं कोशिंबीर. चिठ्ठी फिरवणं फार महत्त्वाचं. एका वर्षी फिरवली नाही आणि अकरा घरांतून पुलाव आला. अकरा प्रकारचे पुलाव आम्ही आनंदानं खाल्ले, पण पुलावाला लावून खायला काहीच नव्हतं!

एक आठवण सांगतो. माझ्या आजीच्या लहानपणी मिस्सा (आमची चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) ती मराठीत आली. आजी म्हणायची, शब्द कळायला लागले तेव्हा देऊळमाता (म्हणजे चर्च) खरी आपली वाटली, पण माणसं आपली वाटत होती ती त्याआधीपासून, कारण सण झाला की सगळी एका मांडवात जेवायची.

पाव_आणि_पाणी

वसईकर, फुग्यांची कृती वेगळ्या धाग्यात टाका. ताडी घालून करता की यीस्ट?

वसईचा_वारा

आजी ताडी घालायची. आता बायको यीस्ट घालते. दोन्ही फुगतात. 🙂 वेगळा धागा काढतो.

खाडीपारची_लेक

मी सतरा वर्षं आखातात आहे. आमची मराठी मंडळी छोटी, पस्तीस-चाळीस कुटुंबं. इथे चर्चला स्वतःची इमारत नाही, एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेतात. तमिळ मंडळी बाहेर पडते, आम्ही आत शिरतो, आमच्या मागून फिलिपिनो उभे असतात. अमिरातीत २०२२ पर्यंत सुट्टी शुक्रवारची होती, म्हणून आमचा 'रविवार' शुक्रवारीच असायचा. लहान मुलं गोंधळायची, संडे स्कूल शुक्रवारी कसं म्हणून.

चूल पेटवणं इथे शक्य नाही. डबे आणतो. पण सांगायचंय ते वेगळंच. आमच्यात काही भाऊ कामगार वस्तीत राहतात. एका खोलीत सहा-आठ जण, स्वयंपाकाची सोय नाही. ते रिकाम्या हातानं येतात आणि पूर्वी लाजून मागे उभे राहायचे. मग आमच्या वडीलजनांनी पद्धत घातली: जे डबा आणू शकत नाहीत ते पाणी आणि खुर्च्या बघतात, आणि ताट पहिलं त्यांचं. लहान मुलांच्याही आधी. आता नवीन आलेल्या कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही, मुलंच त्यांचा हात धरून पुढे नेतात.

मागच्या नाताळात जालन्याकडचा एक मुलगा आला होता, नव्यानं आलेला. माझ्या डब्यातली भाकरी त्यानं ताटात घेतली, आणि एक कागदात गुंडाळून खिशात ठेवली. विचारलं तर म्हणाला, खोलीत एक परभणीचा आहे, ख्रिस्ती नाही, पण भाकरी बघून चार महिने झाले त्याला. त्या दिवसापासून मी दहा भाकऱ्या जास्त करते.

बाकावरचा_मागचा

खाडीपारच्या ताईंचं वाचून आता मला लिहावंच लागेल. बरीच वर्षं मनात आहे.

गावाचं नाव सांगत नाही, मंडळीचंही नाही. आम्ही चार भावंडं, वडील मिलमध्ये बदली कामगार. मेळाव्याला जेवणाची कूपनं असायची. उपासनेच्या आधी दाराशी टेबल मांडून विकायचे. किंमत फार नव्हती, पण सहा माणसांची होती. उपासना संपली की वडील आम्हाला घेऊन निघायचे. कुणी थांबवलं तर सांगायचे, "घरी पाहुणे यायचेत". पाहुणे कधीच आलेले नसायचे. आम्ही चालत घरी यायचो, पाठीमागून मटणाचा वास यायचा, आणि आई घरी पिठलं टाकायची. वडिलांनी एकदाही मंडळीबद्दल वाईट शब्द काढला नाही. मी मात्र पंधरा-सोळा वर्षं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

परत आलो तो एका अभ्यासवर्गामुळे. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. प्रभुभोजनाच्या विधीला आपण त्यातला एक भाग नेहमी वाचतो, पण त्याच्या आधीचा भाग सहसा कुणी वाचत नाही. करिंथची मंडळी एकत्र जेवायला जमायची, त्यात ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आणून आधी खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्यावर पौल चिडलाय. ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं विचारतो, आणि शेवटी म्हणतो एकमेकांसाठी थांबा. त्या वर्गात मी उठून बाहेर गेलो आणि रडलो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या वडिलांच्या बाजूनं भांडलं होतं.

सुगी, केटरर आणा किंवा चूल पेटवा, मला दोन्ही चालेल. कूपन ठेवू नका.

सुगी_पुणे

दादा, आमच्या प्रस्तावात कूपनं आहेत. ३५० ला प्रौढ, २०० ला मूल. ती कल्पना माझीच होती, हिशेब सोपा जावा म्हणून. मी ती मागे घेतोय.

झारा_घ्या_हाती

मी वर हसतहसत 'रांधायचं' लिहून गेलो होतो. आता दोन दिवस हा धागा वाचतोय. बाकावरचा मागचा, तुमच्या वडिलांना सलाम.

पेटीवाला

पैशाचं आमच्याकडे असं करतात: मेळाव्याच्या आधीचे तीन रविवार दाराशी एक बंद डबा, वर फक्त 'प्रीतिभोजन' लिहिलेलं. पावती नाही, नावं वाचणं नाही. ज्याला जमेल तो टाकतो. खजिनदारांना भीती होती की पुरणार नाही. पहिल्या वर्षी थोडं कमी पडलं, मंडळीच्या खात्यातून भरलं. दुसऱ्या वर्षापासून उरतंय.

जुनी_पानं

एकत्र जेवण ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती, म्हणून थोडं जुनं सांगतो.

मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. ती ख्रिस्ती नव्हती, जातिभेद मोडू पाहणाऱ्या हिंदू सुधारकांची गुप्त सभा होती. तिच्यात दाखल होताना ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. एक तुकडा पाव! पण तेवढ्यानं माणूस बाटत असे, आणि सभासदांची नावं फुटल्यावर सभाच मोडली. त्या काळात आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत महारवाड्यातून, मांगवाड्यातून, क्वचित ब्राह्मण आळीतून आलेली माणसं एका ओळीत ताट घेऊन बसू लागली. पाळक कितीही चांगला संदेश देवोत, गावाला दिसायची ती पंगत.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. आपल्या उपासनेत भजन-कीर्तन रुजलं त्यात टिळकांचा केवढा वाटा आहे हे सांगायला नको. उपासना आपल्या मातीतली हवी तर पंगतही आपल्या मातीतली हवी, असं मला वाटतं. केटररच्या टेबलापुढे ताट घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे पंगत नव्हे. पंगतीत कुणीतरी वाकून तुम्हाला वाढतं.

डोंगराची_वाट

जुनी_पानं, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे चित्र फार गोड झालं. पंगत एक झाली असेल, सोयरीक झाली का? आजही आपल्यात मुलगी द्यायची वेळ आली की 'मूळचे कुठले' हा प्रश्न येतोच. माझ्या आजोबांच्या गावात दोन वस्त्यांचे दोन चर्च होते, दोन्ही एकाच मिशनचे, अर्ध्या मैलावर. दोन का, हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. पंगतीचा अभिमान जरूर बाळगूया, पण ते काम अर्धं राहिलंय हेही त्याच पंगतीत बसून बोलूया.

जुनी_पानं

मान्य. अर्धं राहिलंय. मी लिहिलं ते सुरुवातीबद्दल होतं, तिथेच थांबलो ही माझी चूक. तुमच्या आजोबांच्या गावातल्या त्या दोन चर्चचं पुढे काय झालं?

डोंगराची_वाट

आता एकच उपासना होते. दुसरी इमारत बालवाडीला दिली. आणि एक व्हायला कारण काय, तर पाऊस! एका वर्षी एकीचं छप्पर गेलं, दुसऱ्यांनी बोलावलं, आणि दुरुस्ती होईपर्यंतच्या आठ महिन्यांत पोरं एकमेकांत इतकी मिसळली की वेगळं करायला कुणी धजावलं नाही.

मटण_हवंच

मटण असणार ना? एवढंच विचारायला आलोय.

हिरवी_पात

शाकाहारी करा. १८० माणसांत वीसेक तरी शाकाहारी असतात, काहींचे उपास काळातले नेम असतात, काहींना डॉक्टरांनी मनाई केलेली असते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण इंग्लंडात राहूनही शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ती जेवण म्हणजे मटण हे समीकरण आपणच करून ठेवलंय.

मटण_हवंच

रमाबाईंपुढे मी काय बोलणार! पण ताई, आमच्या तरुण संघाची हजेरी एकदा मटणाच्या वर्षी मोजा आणि एकदा वांग्याच्या वर्षी.

नगरी_पंगत

दोन्ही करायचं. आमच्याकडे शिपी आमटी असतेच, ती शाकाहारी आणि सगळे ओरपतात. फक्त ओगराळी वेगळी ठेवायची आणि वाढपी वेगळे. हे न सांगता पाळलं तर शाकाहारी माणूस निवांत जेवतो.

कोल्हापूरची_सून

माझी गोष्ट थोडी वेगळी. मी ख्रिस्ती, नवरा हिंदू, सासर कागल तालुक्यात. लग्नानंतर तीन वर्षं सासूबाईंनी माझ्या चर्चबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चौथ्या वर्षी सुगीच्या सणाला मी म्हटलं, "आत्या, येता का?" तर नऊवारी नेसून, हातात स्वतःच्या शेतातली गुळाची ढेप घेऊन तयार.

उपासनेत प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरस पुढे आला तसा त्यांनीही हात पुढे केला, प्रसाद समजून. माझ्या छातीत धस्स झालं. पाळकसाहेबांनी क्षणभर थांबून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वादाची प्रार्थना केली आणि पुढे गेले. कुणालाही काही वावगं वाटलं नाही, त्यांना तर अजिबात नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुमच्या गुरुजींनी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली बघ."

मग दुपारी लिलाव. आमच्याकडे अर्पणात आलेलं सगळं लिलावात निघतं: ज्वारीची कणसं, ऊस, अंडी, कोंबडा, केक, विणलेले रुमाल. घेणारा चढ्या बोलीनं घेतो आणि कितीदा तरी परत टेबलावर ठेवतो, 'पुन्हा पुकारा' म्हणून. आत्यांची ढेप चारदा विकली गेली. पाचव्यांदा त्यांनी स्वतःच बोली लावली आणि स्वतःचाच गूळ पाचशे रुपयांना विकत घेतला! अख्खी मंडळी टाळ्या वाजवत होती. घरी येऊन त्या गुळाच्या पोळ्या केल्या आणि सगळ्या भावकीत वाटल्या, 'चर्चचा गूळ' म्हणून.

तेव्हा सुगी, बाहेरच्या नातेवाइकांसाठी दहा-वीस ताटं जास्त धरा. आणि त्यांच्या शेजारी बसायला एक बोलका माणूस नेमा, ते फार उपयोगी पडतं.

डोंगराची_वाट

लिलाव मला पटत नाही. बोलीत मोठी नावं चमकतात आणि दोन अंडी आणणारी म्हातारी मागे पडते.

कोल्हापूरची_सून

आमच्याकडे पहिला पुकारा त्या दोन अंड्यांचाच होतो, आणि बोली सर्वांत वर तिथेच जाते. वस्तू आणणाऱ्याचं नाव घेतात, बोली जिंकणाऱ्याचं घेत नाहीत. असं करून बघा.

यात्रेकरू

हरेगावच्या मतमाउलीला (मारियेच्या यात्रेला) कुणी जातं का इथलं? सप्टेंबरात, मारियेच्या जन्मदिवसाच्या सुमारास. श्रीरामपूर तालुक्यात लोटणारी ती गर्दी बघावी. टेम्पो करून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, सगळ्या धर्मांची माणसं, मोकळ्या जागेत तीन दगड मांडून स्वयंपाक. आमची आई शेजारच्या चुलीवर बघायची आणि कुणाकडे मीठ नसेल तर देऊन यायची. पुढच्या वर्षी तेच कुटुंब आम्हाला शोधत आलं, तेलाची बाटली घेऊन. एका मिठाच्या पुडीवर जुळलेलं नातं, आता त्यांच्या घरच्या लग्नांना आम्ही जातो.

सुगी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना हा धागा वाचून दाखवला. रविवारी कमिटीत जे ठरलं ते असं:

आपणच रांधायचं. मात्र आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी निवडणं-सोलणं, आणि पहाटेची चूल पुरुषांची. एक अनुभवी आचारी मदतीला घेतलाय, म्हणजे १८० माणसांचा भात आमच्यासारख्यांच्या हातून बिघडणार नाही. उपासनेआधी सगळं उतरलेलं असेल, नसेल तर घंटा थांबेल. हे शेवटचं वाक्य पाळकसाहेबांनी स्वतः इतिवृत्तात लिहायला लावलं.

कूपन नाही, बंद डबा. भाकऱ्या घरोघरी. भात बावीस किलो, मटण सत्तावीस किलो, शिपी आमटीला पंधरा किलो डाळ सांगितली होती, नगरी_पंगत यांना फोनवर विचारलं तर ते ओरडले, "सहा किलो पुष्कळ झाली!"

माझ्या आईला सांगितलं की यंदा तू उपासनेत बसायचं. ती म्हणाली, "मग मसाल्याचं कोण बघणार?" दोन दिवस समजावतोय.

ओगराळं

त्यांना म्हणावं सोलापूरच्या एका बाईनं निरोप दिलाय. यंदा बसून बघा.

सुगी_पुणे

(तीन आठवड्यांनी) मेळावा झाला. २०४ माणसं आली, अंदाजापेक्षा चोवीस जास्त. भाकऱ्या पुरल्या, भात पुरला, आमटी पुरवून पुरवून वाढली. घंटा दहा मिनिटं थांबली, कारण मटण शिजायला हट्टी निघालं. डब्यात खर्चापेक्षा साडेतीन हजार जास्त निघाले.

आई पुढून तिसऱ्या बाकावर बसली होती, माझ्या मुलीला शेजारी घेऊन. संदेश चालू असताना दोनदा उठायला लागली, दोन्ही वेळा मुलीनं पदर धरून ठेवला.

शेवटच्या पंगतीत वॉचमनकाका, मांडववाले आणि आम्ही रांधणारे बसलो. वाढायला महिला मंडळ आणि संडे स्कूलची मुलं. एका सात वर्षांच्या मुलानं मला लापशी वाढताना नाव विचारलं. चार वर्षं आम्ही त्यांच्या मागच्याच बाकावर बसतो. मीही त्याला त्याचं नाव विचारलं.

बाकावरचा_मागचा

पुढच्या वर्षी मी पुण्यात येतोय. भाकऱ्या आणेन.

ओगराळं

आमच्या कमिटीला हा धागा छापून दिलाय. सुगी, लापशीचं प्रमाण लिहा ना, दोनशे माणसांचं. आमच्याकडच्या पुरुषांना सगळं लिहून द्यावं लागेल.

नगरी_पंगत

मी सांगतो ताई. गव्हाचा दलिया आठ किलो, गूळ आठ किलो, तूप अडीच किलो, नारळ दहा, सुंठ-वेलदोडा अंदाजानं. दलिया तुपात तांबूस होईपर्यंत भाजायचा, त्याला घाई नको. पाणी तिप्पट, आणि ते आधी उकळून घ्यायचं. गूळ दलिया पुरता शिजल्यावरच घालायचा, आधी घातला तर दाणा कच्चा राहतो. आणि हलवायला दोन माणसं ठेवा, एकाचा हात भरून येतो.